साईड व्हीलची ॲक्टिव्हा, स्पायडर एफ३ आणि आरटी : कंबरेला कुठली मानवते?

माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, त्यामुळं साताऱ्यात रोजची गाडी म्हणजे मागं दोन्ही बाजूंना साईड व्हील लावलेली ॲक्टिव्हा. मोजायला गेलं तर चाकं चार भरतात पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात, तर आपण पण तेच म्हणू. मधे भावाकडं कॅनडाला गेलेलो, त्याच्या ओळखीत दोघांकडं कॅन-ॲम कंपनीच्या स्पायडर (पुढं दोन आणि मागं एक चाक असलेली मोठी तीनचाकी मोटारसायकल) निघाल्या, एकाची एफ३ आणि दुसऱ्याची आरटी, मग काय, रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही पोटभर फिरवून घेतल्या.

लोक पहिलं विचारतात सीट मऊ आहे का. अहो सीटचं सोडा. दुचाकी वळताना आपण गाडीबरोबर आत झुकतो, त्यामुळं वजन सरळ बुडाखालीच राहतं. या तिन्ही गाड्या झुकतच नाहीत (यामाहाची निकेन ही तीनचाकी झुकते, पण ती वेगळी जात), म्हणून वळणावर गाडी एकीकडं आणि आपलं अंग बाहेर फेकलं जातं. ते आवरायचं कशानं, तर पायानं रेटून आणि हॅंडल ओढून. म्हणजे पाय कुठं टेकतात आणि हॅंडल किती लांब आहे यावर सगळं ठरतं.

ॲक्टिव्हाला इथं पैकीच्या पैकी मार्क. सपाट फूटबोर्ड, गुडघे काटकोनात, पाठ ताठ, आणि पाय पुढंमागं सरकवायला जागा. माझा जड पाय मी हातानं उचलून कडेला ठेवतो आणि उजव्यानं रेटा देतो. पण रस्ता कडेला उतरता असला की संपलं. गाडी रस्त्याएवढीच डावीकडं कलते, आपण वाकडं बसून हॅंडल सारखं उजवीकडं धरून ठेवायचं, घरी येईस्तोवर उजवा खांदा भरून येतो. दुसरं म्हणजे खड्डा. दुचाकीवाल्याला एकच रेघ चुकवायची असते, आपल्याला तीन, त्यात साईड व्हील उंचवट्यावर आणि मागचं चाक खळग्यात आलं की चाक नुसतं गरगर फिरतं अन् गाडी जागची हलत नाही. यवतेश्वरच्या घाटात एकदा करून बघा म्हणजे कळेल.

एफ३ दिसायला नाद खुळा. सीट फक्त ६७५ मिलिमीटर उंच, त्यामुळं चढणं उतरणं मला सगळ्यात सोपं हिच्यावर गेलं, आणि फूटपेग, म्हणजे पाय टेकायच्या खुंट्या, पाच जागी बसवता येतात, उंचीप्रमाणं हॅंडलही वेगळं मिळतं. पण पाय लांब पुढं, क्रूझरसारखे. सरळ रस्त्याला आरामखुर्ची, वळण आलं की पुढं ताणलेल्या पायाला रेटा देता येत नाही, मग सगळा भार मनगटांवर. ब्रेकचा पण घोळ, हाताला लिव्हरच नाही, उजव्या पायाचं एकच पेडल तिन्ही चाकं धरतं. माझा उजवा पाय धड आहे म्हणून चाललं, ज्याचा उजवाच अधू आहे त्यानं नाद सोडावा. गिअर मात्र डाव्या हाताच्या बटणावर होते, त्यामुळं डाव्या पायाला काहीच काम नाही, आणि रिव्हर्स आहे, आपल्या जुगाडाला नेमकं तेच नसतं.

आरटी बघून आधी वाटलं एवढं धूड कोण आवरणार, १३३० सीसी आणि वजन चारशे किलोच्या वर. पण बसायला हीच एक नंबर. पाठ ताठ, हॅंडल जवळ, पायाखाली लांब फूटबोर्ड, म्हणजे बैठक आपल्या ॲक्टिव्हाचीच, फक्त श्रीमंताघरची. वळणावर पाय रोवून बसता आलं, मनगटं मोकळी राहिली. सीट एफ३ पेक्षा उंच आहे, पाय वरून टाकताना भावाचा खांदा धरावा लागला एवढंच.

आल्यावर त्या हिशेबानं ॲक्टिव्हाला पाठीला टेकू आणि हॅंडल जरा जवळ करून घेतलंय. साईड व्हीलचं नवीन किट लावणाऱ्यांनी बदलाची नोंद आरसीवर करूनच घ्या, आणि फिटरला साईड व्हीलचं सस्पेन्शन दाखवायला सांगा. पहिल्या फिटरनं मला नुसता कडक लोखंडी दांडा वेल्ड करून दिलेला, प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यात.

बायकोचं मत वेगळंच. ती आरटीच्या मागच्या सीटवर टेकून बसली ती उतरायलाच तयार नाही, म्हणे हीच घ्या. म्हटलं बाई, दीड मीटर रुंद गाडी आहे, आपल्या बोळात शिरली तर शेजारच्यांनी दूध आणायला कुठून जायचं?