अर्धी टीम विश्रामबागेत की सगळे आपापल्या गावी?

सांगलीत बसून सॉफ्टवेअरची टीम चालवायची म्हटल्यावर माणसं पुण्याला जाणार हे धरूनच चालायला लागतं. इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधनं किंवा इस्लामपूरच्या आरआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातनं बाहेर पडणारं पोरगं शेवटच्या वर्षालाच हिंजवडीकडं रूम बघायला लागलेलं असतंय. त्यामुळे इथंच राहून आठ-दहा जणांची टीम उभी करायची तर थोडंफार रिमोट करावंच लागतं. प्रश्न एवढाच की छोटं ऑफिस ठेवून निम्मे तिथं आणि निम्मे बाहेरगावी असं मिश्र करायचं, की सगळ्यांनाच आपापल्या घरी बसवायचं. मी आधी मिश्र केलं, आता सगळे रिमोट आहेत, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं बोलू शकतो. प्रवास वाचतो, घरचं जेवण मिळतं वगैरे यादी सगळ्यांना पाठ आहे, ती परत लिहीत नाही.

भाड्याचा हिशोब पण बाजूलाच ठेवा. सांगलीच्या विश्रामबागेत चार-पाच टेबलांची जागा पुण्याच्या मानानं किरकोळात मिळते, एखादा चांगला सीनियर टिकवायला जी पगारवाढ द्यावी लागते त्यापुढं तो आकडा काहीच नाही. फक्त भाडं वाचतंय म्हणून रिमोट करणार असाल तर माझ्या मते करू नका.

मिश्र पद्धतीचं खरं बळ म्हणजे नवीन पोरं तयार होणं. फ्रेशर सीनियरच्या शेजारी बसला की तो लॉग (प्रोग्रॅमनं ठेवलेल्या नोंदी) कसा वाचतो, क्वेरी (डेटाबेसकडं मागितलेली माहिती) स्लो झाली की पहिल्यांदा कुठं बघतो, काय बघायचं सोडून देतो हे सगळं आपोआप अंगात मुरतं, ते कुठल्या डॉक्युमेंटमधे लिहून मिळत नाही. रिमोटवर तेच पोरगं सकाळपासून अडकलेलं असतं आणि संध्याकाळी अपडेट काय, तर ‘वर्किंग ऑन इट’. विचारायला लाजतात, त्यांचा पण दोष नाही. आम्ही आता नियम केलाय की तासभर अडकलास तर सगळ्यांना दिसणाऱ्या ओपन चॅनेलवर विचारायचं, पर्सनल मेसेज नाही, आणि जेवणानंतर थोडा वेळ स्क्रीन शेअर करून जोडीनं काम करायचं. बरं चाललंय, पण शेजारच्या खुर्चीची सर नाही हे मान्य करतो. तुमच्या टीममधे निम्म्याच्या वर फ्रेशर असतील तर पुढचं वाचायच्या आधीच ऑफिस घ्या म्हणेन.

ऑफिसची दुसरी बाजू इथल्या माणसाला वेगळी सांगायला नको. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की कुणाचंच लक्ष कोडमधे नसतं, गावभागात राहणारा आधी घरातलं सामान वर चढवणार, आणि ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की मग बोलायलाच नको, २०१९ आणि २०२१ सगळ्यांनी बघितलंय. बाहेरगावचे लोक तेवढे दिवस काम ओढतील असं वाटतं, पण आमच्याकडं क्लायंटनं सर्व्हरला ऑफिसचाच स्टॅटिक आयपी व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे फक्त ऑफिसच्या इंटरनेट पत्त्यावरनंच आत जाता यायचं, बाहेरच्यांना पण ऑफिसमार्फतच. ऑफिसची लाइट गेली, इन्व्हर्टर संपला की अमरावतीतला माणूस पण हात बांधून बसणार. सगळे रिमोट झाल्यावर व्हीपीएन (कुठनंही सर्व्हरपर्यंत जायची सुरक्षित वाट) नीट लावावाच लागला आणि ही भानगड मिटली. आणि एक, लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते, प्रत्येकाला राउटरचा छोटा यूपीएस घेऊन द्या, हजार-दीड हजारात येतो, मीटिंगमधनं माणूस गायब होण्याचं निम्मं प्रमाण तिथंच कमी होतं.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लागला ती सांगतो, बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं. मिश्र टीममधे कॉल कसा होतो माहिती आहे ना, ऑफिसवाले चौघं एका टेबलाभोवती, मधे एक लॅपटॉप, आणि बाहेरचे स्क्रीनवर. ऑफिसवाले दोघं-तिघं एकदम बोलतात, पंखा वर गरगरतोय, स्क्रीनवरचा माणूस दोनदा ‘आवाज येत नाही’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा म्हणतच नाही, गप्प बसतो. कॉल संपतो. बाहेरचे डिस्कनेक्ट होतात आणि खरी मीटिंग तिथनं पुढं सुरू होते, खाली टपरीवर, चहा घेत. तिथं सगळे मोकळे बोलतात, डोकं पण चांगलं चालतं, निर्णय पण चांगले होतात, पण ते कळतात फक्त चहा पिणाऱ्यांना.

आमचं एक काम तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी होतं, माल आत-बाहेर, पावत्या, भाडं असं. चहावर ठरलं की साठा पेट्यांत नको, किलोत ठेवू, कारण फुटकी पेटी, अर्धी पेटी असले प्रकार हिशोबात बसत नव्हते. निर्णय एकदम बरोबर. पण अमरावतीहून काम करणारी मुलगी पावतीचं मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा तेवढा भाग) लिहीत होती, ती आपली पेट्या धरूनच पुढं गेली, टेबलं, व्हॅलिडेशन, रिपोर्ट सगळं. सगळ्यांचा कोड एकत्र करायला, म्हणजे मर्ज करायला गेल्यावर कळलं. ती म्हणाली, “दादा, हे कधी ठरलं?” तर ऑफिसमधनं उत्तर, “अगं, ठरलं की परवाच.” कुणी मुद्दाम केलं नव्हतं हो, कुणाच्या मनात काही नव्हतं, पण त्या मुलीचं चार-पाच दिवसांचं काम पाण्यात. आणि हे एकदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. ‘ठरलं की’ हे वाक्य दर आठवड्याला कुठनं ना कुठनं ऐकू यायचं. लग्नात पंगतीला बसलेले एका बाजूला आणि घरी डबा पाठवलेले दुसऱ्या बाजूला, तसं झालेलं.

याचा पुढचा परिणाम हळू दिसतो पण जास्त महाग पडतो. मेल्विन कॉन्वे या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या माणसानं १९६८ मधेच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच आकार त्यांच्या सिस्टिमला येतो. आमचा कोड बघितला की कळायचं, ऑफिसवाल्यांची मॉड्यूल एकमेकांत गुंतलेली, बाहेरच्यांची वेगळी पडलेली, आणि दोघांमधल्या एपीआयवर, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी जिथं जोडतात तिथं, सगळे बग. ऑफिसवाल्यांना सांगून बघितलं की ठरलेलं चॅनेलवर टाका. दोन दिवस टाकतात. ज्याला सगळं माहिती आहे त्याला लिहायचा कंटाळा येणारच, त्याला त्याची गरज वाटत नाही.

सगळे रिमोट झाल्यावर हा त्रास आपोआप कमी झाला कारण टपरीच राहिली नाही. ज्याला काही ठरवायचंय त्याला लिहावंच लागतं. कोड ठेवतो त्या रेपॉझिटरीतच एका फोल्डरमधे एकेक पानाची नोंद, परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअरवाल्यानं २०११ मधे हा फॉरमॅट मांडलेला, आम्ही तोच अजून आखूड करून वापरतो, आणि मराठी-इंग्लिश मिसळून लिहिलं तरी चालतं. गिटलॅब या सगळे रिमोट असलेल्या सॉफ्टवेअर कंपनीची हँडबुक पण ऑनलाइन फुकट आहे, चाळून बघा, पण ती मोठ्या कंपनीसाठी आहे, आठ जणांना त्यातलं थोडंच लागतं.

रिमोटचे त्रास नाहीत असं नाही. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे केलेला बदल दुसऱ्यानं तपासायला पाठवलेला) रिव्ह्यूला पडून राहतो, शेजारी जाऊन “बघ की जरा” म्हणता येत नाही, त्यामुळे पीआर छोटे ठेवायची सवय लावायला लागते. घरच्यांना पोरगं रिकामंच वाटतं, सिलिंडर आला, लाइट बिल भर, मामांना मिरज स्टेशनवरनं घेऊन ये. वेगळी खोली नसेल तर त्या माणसाला रिमोट अवघड जातं, इंटरव्ह्यूतच विचारून घेतो. अथणी-बेळगावकडचा माणूस घेतला तर व्यवसाय कर महाराष्ट्राचा नाही, कर्नाटकचा बघावा लागतो, सीएला आधीच विचारा. आणि माउस हललाय का, स्क्रीनशॉट काढा असली सॉफ्टवेअरं कुणी विकायला आलं तर माझं मत विचाराल तर नकोच, आठवड्यात मर्ज काय झालं ते बघितलं की पुरतंय.

क्लायंट अमेरिकेत असेल तर पारडं रिमोटकडं अजून झुकतं. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागं गेलं की आठ. ऑफिसात तो कॉल घेऊन कवठेमहांकाळला परत जाणाऱ्या पोराची एसटी कुठली, हा विचार मॅनेजरलाच करायला लागतो. घरनं असेल तर कॉल संपला की ताटावर.

ज्यांचं ऑफिस आधीच आहे, डिपॉझिट अडकलंय, त्यांनी लगेच सोडायची घाई करू नये. महिनाभर एवढंच करा, ऑफिसात असलेल्या प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवरनं, आपापल्या हेडसेटवरनं कॉलला यायचं, शेजारी बसला असला तरी, आणि चहावर काही ठरलं तर वर आल्यावर आधी ते लिहायचं, मग काम. पोरं वैतागून ते सोडून देत असतील तर मिश्र तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. निमूट पाळत असतील तर चांगलंच आहे, मग भाड्याचा करार रिन्यू करायची वेळ येईल तेव्हा जागा हवी की नको ते त्यांनाच विचारा.