कैरोहून एका दिवसात अलेक्झांड्रिया: ग्रुपची व्हॅन की रेल्वे आणि तिथला गाईड?

कैरोत चार-पाच मुक्काम असले की एक दिवस अलेक्झांड्रियाला द्यायचा हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते कसं जायचं यावर. अंतर सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून रात्री परत येण्यासारखं. पर्याय तीन. हॉटेलवरून उचलणारी ग्रुपची व्हॅन, तिच्यात गाईड कैरोपासून बरोबर. दुसरा, फक्त आपल्यासाठी घेतलेली गाडी आणि गाईड. तिसरा, आपण रेल्वेने जायचं आणि गाईडला अलेक्झांड्रियाच्या स्टेशनवर बोलवायचं.

मधल्या पर्यायाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोबत गुडघे दुखणारे आईबाबा असतील, लहान मूल असेल, किंवा चौघांत खर्च वाटला जाणार असेल, तर सरळ गाडी घ्या. खरी निवड पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात आहे. दोन्ही करून झाल्यावर माझं मत एका बाजूला झुकलं आहे, पण ते तुमचं हॉटेल कुठे आहे यावरही अवलंबून आहे. ते का, ते पुढे येईलच.

गाईड मात्र कुठल्याही पर्यायात हवा. या शहरात डोळ्यांना दिसतं कमी आणि सांगावं लागतं जास्त. इ.स.पू. ३३१ मध्ये वसलेलं शहर, पण रस्त्यावरून चालताना दिसतात त्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या इमारती. अलेक्झांडरनंतर इथे राज्य करणाऱ्या ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांचा राजवाड्यांचा भाग पूर्व बंदराच्या पाण्याखाली आहे. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणला जाणारा दीपस्तंभ भूकंपांनी पाडला आणि त्याच जागी १४७७ मध्ये सुलतान कैतबेने किल्ला उभारला. प्राचीन ग्रंथालयाचा तर एक दगडही दाखवता येत नाही. ज्याला सगळे पाँपीचा स्तंभ म्हणतात त्याचा पाँपी या रोमन सेनापतीशी काही संबंध नाही. तो डायोक्लेशियन बादशहासाठी, इ.स. २९८ च्या सुमारास उभारला गेला. तांबड्या अस्वानी ग्रॅनाइटचा, सुमारे २७ मीटर उंच. चौथऱ्याच्या पश्चिम अंगाला ग्रीक लेख आहे, तो बोटाने दाखवून वाचून देणारं कोणी नसेल तर तो एक उंच खांब, इतकंच. आणखी एक: त्याच आवारात जमिनीखाली सेरापिस या ग्रीक-इजिप्शियन देवाच्या देवळाच्या भुयारी वाटा आहेत, भिंतीत कोनाडे असलेल्या. वेळ कमी असला की नेमकं हेच गाळलं जातं, म्हणून गाईडला आधीच सांगून ठेवा.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती. हॉटेल-हॉटेल फिरून माणसं गोळा करणं.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘सकाळी ७ ला हॉटेलवरून पिकअप’. ते खोटं नसतं. पण सात ही तुमची वेळ, व्हॅनची नव्हे. अलेक्झांड्रियाकडे जाणारा वाळवंटी रस्ता गिझाच्या बाजूने, पिरॅमिड मागे टाकून सुटतो. त्यामुळे शहाणा ड्रायव्हर आधी नाईलच्या पूर्वेची, तहरीर चौकाच्या आसपासची हॉटेलं घेतो, मग पूल ओलांडून झमालेक आणि दोक्की, आणि शेवटी गिझा. प्रत्येक थांब्याला दहा मिनिटं धरलेली असतात, पण कोणाचा नाश्ता राहिलेला असतो, कोणी पासपोर्टसाठी परत वर जातं, कुठे रस्ता एकेरी असल्याने व्हॅनला वळसा पडतो. तहरीरजवळ चढलेल्या माणसाला टोलनाका दिसेपर्यंत माझ्या घड्याळाने सव्वा तास गेला. संध्याकाळी हाच क्रम उलटा: गिझावाले आधी उतरतात आणि सकाळी सगळ्यांत आधी उठलेला सगळ्यांत शेवटी खोलीवर पोचतो. परतीच्या वेळी कैरोत शिरतानाची कोंडी वेगळीच.

म्हणूनच हॉटेलचा प्रश्न. पिरॅमिडजवळ राहत असाल तर ग्रुपची व्हॅन तुम्हाला फारशी खुपणार नाही. चढणारे शेवटचे तुम्ही, उतरणारे पहिलेही तुम्हीच. उलट पहाटे गिझाहून गाव ओलांडून रेल्वे स्टेशन गाठणं हाच तुमच्यासाठी त्रास ठरेल. शहराच्या मध्यात राहणाऱ्यांचं नेमकं उलट आहे, रामसेस हे कैरोचं मुख्य रेल्वे स्टेशन त्यांच्या जवळ आहे.

सव्वा तास गेला तर गेला, असं वाटू शकतं. मला तो खटकतो तो पुढच्या परिणामामुळे. कैरोहून निघालेल्या बहुतेक व्हॅन मधल्या विश्रांतीच्या थांब्यासह साडेदहा-अकराच्या सुमारास पोचतात, आणि बहुतेक सगळ्या आधी एकाच ठिकाणी जातात, कोम अल शुकाफाच्या भुयारी कबरींत. गावात शिरताना ते सोयीचं पडतं. आता त्या जागेची रचना बघा. खाली जायला एकच गोल जिना, शंभराच्या आसपास पायऱ्या, मधोमध विहिरीसारखा पोकळ खड्डा. याच खड्ड्यातून दोरीने प्रेतं खाली सोडत. १९०० साली एका गाढवाचा पाय इथेच खचला आणि जागेचा शोध लागला. खाली पहिल्या मजल्यावर तीन बाजूंना दगडी ओटे असलेली खोली आहे, नातेवाईक मृतांची आठवण म्हणून तिथे बसून जेवत. जेवणाची मातीची भांडी परत न्यायची नाहीत, फोडून टाकायची असा रिवाज होता, असं सांगतात. त्या खापरांच्या ढिगावरून नाव पडलं. ‘कोम अल शुकाफा’ म्हणजे खापरांची टेकडी.

मुख्य कबरीचं दार जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढं. दाराच्या दोन्ही अंगांना दाढीवाले नाग, डोक्यावर इजिप्तच्या राजाचा दुहेरी मुकुट, वर ढालीवर केसांच्या जागी साप असलेली ग्रीकांची मेडुसा. आत वळून मागे पाहिलं की दाराशेजारी अनुबिस उभा, कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्तचा देव, पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत. एका भिंतीवर तीन संस्कृती अशा इतरत्र सहज दिसत नाहीत. पण त्या दाराशी चार ग्रुप एकावेळी आले की प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, आणि मागे वळून अनुबिस बघायचा राहून जातो. दुपारी दोनच्या आसपास, ग्रुप जेवायला गेलेले असताना, हीच जागा जवळजवळ रिकामी असते.

रेल्वेने गेलं की दिवसाचा क्रम आपोआप उलटतो. गाडी अडीच ते तीन तास घेते, थांब्यांवर अवलंबून. स्पॅनिश बनावटीची टॅल्गो मिळाली तर उत्तम, नाहीतर वातानुकूलित पहिला वर्ग पुरेसा आहे. सकाळी आठच्या आसपासची गाडी धरा. अलेक्झांड्रियात आधी सिदी गाबर येतं, तिथे अर्धा डबा उतरतो, तुम्ही उतरू नका. शेवटचं स्टेशन तुमचं. त्याला स्थानिक लोक ‘महत्तत मस्र’ म्हणतात, आणि गंमत अशी की कैरोच्या रामसेस स्टेशनलाही जुने लोक हेच म्हणतात. गाईडशी बोलताना शहराचं नाव जोडून सांगा. डबा आणि आसनाचे आकडे बऱ्याचदा अरबी लिपीत असतात. तिथे छोटं वर्तुळ म्हणजे शून्य नव्हे, पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखं (7) दिसतं ते सहा. आपण देवनागरी वाचणारे इथे हमखास चुकतो, म्हणून तिकीट काढतानाच आकडे इंग्रजीत लिहून घ्या.

जायचं आणि यायचं तिकीट एकदमच काढा, शक्य तर दोन दिवस आधी. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कैरोकर समुद्रावर पळतात आणि सुट्टीच्या दिवशीची परतीची गाडी भरलेली असते. हा या पर्यायातला सगळ्यांत मोठा धोका. दुसरा धोका उशिराचा. गाडी अर्धा तास मागे पडणं अशक्य नाही, म्हणून गाईडशी ठरावीक वेळ न ठरवता ठरावीक गाडी ठरवा, आणि निघालात की फोनवर कळवा.

स्टेशनच्या चौकापासून कोम अल दिक्का पायी पाच-सात मिनिटांवर. पोलिश पुरातत्त्वज्ञांनी १९६० पासून उकरलेला हा भाग. संगमरवरी बाकांच्या तेरा रांगांचं छोटं रंगमंदिर, आणि शेजारी वीसएक व्याख्यानगृहं, दगडी बाकांसकट. शिकवण्याच्या खोल्यांचा इतका मोठा समूह प्राचीन जगात क्वचित उरला आहे. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर ग्रीको-रोमन संग्रहालय. १८९२ मध्ये स्थापन झालेलं, २००५ पासून दुरुस्तीसाठी बंद, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेलं. ग्रुपच्या छापील कार्यक्रमात हे सहसा नसतं, आणि माझ्या दृष्टीने व्हॅनची ही दुसरी उणीव आहे. पाँपीच्या स्तंभाशेजारी सापडलेला एपिस या पवित्र बैलाचा काळ्या दगडातला पुतळा इथे आहे. आधी तो बघून मग स्तंभाकडे गेलात तर रिकाम्या दिसणाऱ्या त्या टेकाडावर केवढं देऊळ होतं याची कल्पना येते.

मराठी माणसाने या संग्रहालयाला सव्वा तास तरी द्यावाच, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदवहीत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही आपली गावं आली आहेत. आपल्या किनाऱ्यावरून निघालेला माल तांबड्या समुद्रातल्या बंदरांत उतरे, उंटांवरून नाईलपर्यंत आणि होड्यांतून अलेक्झांड्रियापर्यंत येई. त्या व्यापाराचं पलीकडचं टोक हे शहर होतं. इथली नाणी, दिवे, मातीच्या बाहुल्या बघताना ते सारखं आठवत राहतं.

एक कबूल करायला हवं: संग्रहालय घेतलं तर एका दिवसात नवं ग्रंथालय नीट होत नाही. २००२ मध्ये उघडलेली ती इमारतही लहानसहान नाही, १६० मीटर व्यासाची तिरकी तबकडी आणि बाहेर जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत. आत ग्रंथालयाचे स्वतःचे गाईड असतात, पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात. वास्तुकलेची आवड असेल तर संग्रहालय सोडून इकडे या. दोन्ही अर्धवट करू नका. शुक्रवार मात्र टाळा: सकाळी ग्रंथालय बंद आणि दुपारी नमाजाच्या वेळी गावातले रस्ते भरलेले.

जेवण हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांसाठी निर्णायक मुद्दा असतो. व्हॅनच्या पॅकेजमधलं जेवण म्हणजे बहुतेक वेळा समुद्राकाठचं माशांचं हॉटेल, आणि त्यात दीड तास. मासे खाणाऱ्यांना ते आवडेल. बर्फावर मांडलेले मासे निवडायचे, किलोवर भाव, भाजून समोर येतात. शाकाहारी लोकांना सॅलड, ताहिनी, रोटी आणि भात. त्या भातापासून सावध राहा. तपकिरी रंगाचा भात असेल तर तो सय्यादिया असू शकतो, कांदा करपवून माशाच्या पाण्यात शिजवलेला. पांढराच मागा. स्वतःच्या हिशोबाने चाललात तर रम्ल स्टेशन नावाच्या मध्यवर्ती भागाजवळ मोहम्मद अहमद नावाचं जुनं, प्रसिद्ध हॉटेल आहे. फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं कालवण, आणि ताअमिया, म्हणजे त्याच दाण्यांचे हिरवे वडे. अर्ध्या तासात पोट भरतं आणि भुयारांसाठी ती रिकामी वेळ साधते.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी हवामानाचा मुद्दा मोठा आहे. हिवाळ्यात पहाटे वाळवंटी रस्त्यावर दाट धुकं उतरतं आणि कधीकधी रस्ता काही तास बंद ठेवतात. व्हॅन टोलनाक्यावर उभी राहते. रेल्वेला धुक्याचा त्रास त्या मानाने कमी. अलेक्झांड्रियाचा पाऊस मात्र दोघांनाही सारखाच. तिथे हिवाळी वादळांना ‘नव्वा’ म्हणतात, प्रत्येकाला नाव आणि ठरलेला काळ असतो. अशा दिवशी समुद्राकाठच्या रस्त्यावर लाटांचं पाणी येतं आणि कबरींच्या भागातल्या गल्ल्या तुंबतात. आदल्या रात्री अंदाज बघून दिवस बदलता येणं हा स्वतंत्र जाण्याचा फायदा, फक्त तिकिटाचे पैसे बुडतात.

गावात फिरायला काळ्या-पिवळ्या टॅक्सी आहेत, त्या मीटरवर चालत नाहीत, भाव आधी ठरवावा लागतो. उबर चालते, मी तीच सुचवेन. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकिटाला कार्ड लागतं, रोख बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा चालणारं आंतरराष्ट्रीय कार्ड जवळ असू द्या. गाईड ठरवताना पर्यटन मंत्रालयाच्या परवान्याचं ओळखपत्र विचारा, आणि तीन गोष्टी लेखी घ्या: किती तास, गाडी त्याची की आपली, आणि वाटेत अत्तराच्या किंवा पपायरसच्या दुकानात थांबायचं नाही. व्हॅन घेणार असाल तर हाच तिसरा प्रश्न त्यांनाही विचारा, शिवाय प्रवेश तिकिटं धरली आहेत का, आणि पिकअपमध्ये तुमचा क्रमांक कितवा. शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आलं आणि तो क्रमांक शेवटचा असला, तर व्हॅन घ्यायला माझी हरकत नाही.

दोनला भुयारं, तिथून पायी स्तंभ, मग कैतबेचा किल्ला. हिवाळ्यात चारच्या सुमारास तिकिटं बंद होऊ लागतात, रमजानमध्ये त्याही आधी. आत जाता आलं नाही तरी तिकडे जाच. किल्ल्याबाहेरच्या धक्क्यावरून पूर्व बंदराची पूर्ण कमान दिसते, समोरच्या टोकाला ग्रंथालयाची तबकडी, आणि मध्ये तेच पाणी, ज्याच्या तळाशी राजवाडे आहेत. परतीची गाडी सातच्या पुढची ठेवली असेल तर इथे घड्याळ बघावं लागत नाही.