नौपाड्यातला स्पॅनिश क्लास, स्पेनला शिकायला जाणार असाल तर नक्की जा

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे हा क्लास, बोर्ड छोटासा आहे, खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारलंत की तो जिना दाखवतो. मी इथे ए2 (म्हणजे भाषेची दुसरी पातळी) पर्यंत केलं आणि मग मास्टर्सला दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला गेले, आता सुट्टीत ठाण्याला आलेय तर सविस्तर लिहिते.

व्याकरण नीट शिकवतात, होमवर्क तपासून देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा क्लास लावायचा तो शनिवारच्या तासासाठी. त्या दिवशी पुस्तक बंद आणि मॅडम (त्या स्वतः तिकडे राहून आल्यात) फक्त तिथलं रोजचं जगणं शिकवतात.

जेवणाचंच घ्या. तिकडे दुपारचं जेवण 2 ते साडेतीन आणि रात्रीचं 9 नंतर, संध्याकाळी 7 ला भूक लागली तर बऱ्याच हॉटेलांचं किचनच बंद असतं. म्हणून मॅडमनी सांगितलं होतं की दुपारीच पोटभर खा, सोमवार ते शुक्रवार ‘मेनू देल दिया’ मिळतो, त्यात दोन डिश, ब्रेड, ड्रिंक आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एकाच किमतीत. आणि आपण व्हेज असू तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही हो! हामोन म्हणजे ते सुकवलेलं डुकराचं मांस, ते बरेच लोक मांसात धरतच नाहीत, मिक्स सॅलडमधे ट्यूना असतो, सालमोरेखो म्हणजे टोमॅटोचं गार सूप पण वरून हामोन आणि उकडलेलं अंडं घालून येतं. मॅडम वेटर व्हायच्या आणि आम्हाला एकेक नाव घेऊन नको म्हणायला लावायच्या, हामोन नको, ट्यूना नको, अंडं नको. ग्रानादात ड्रिंक मागवलं की सोबत तापा, म्हणजे छोटीशी खायची डिश, फुकट येतो, तो काय येईल ते बारवाला ठरवतो, त्यामुळे ड्रिंक सांगतानाच व्हेज आहे म्हणून सांगायचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याचा जो आधार वाटला ना तो शब्दात नाही सांगता येत.

जेवण झाल्यावर कोणी लगेच उठत नाही, तास तास गप्पा चालतात, बिल आपण मागेपर्यंत येत नाही, वेटर काही दुर्लक्ष करत नसतो. बाजारात किंवा दवाखान्यात रांग दिसत नाही, आत शिरल्यावर ‘शेवटचं कोण’ असं मोठ्याने विचारायचं आणि त्या माणसानंतर आपला नंबर. प्रोफेसरांना नावाने आणि एकेरीत हाक मारायची, आपल्याला सर-मॅडमची सवय, जीभ वळत नाही, म्हणून मॅडम शनिवारी त्यांनाच एकेरीत बोलायला लावायच्या! भेटल्यावर गालाला गाल लावून दोन पाप्या, पुरुष-पुरुष बहुतेक हात मिळवतात, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा म्हणजे फोटो बघून दचकणार नाहीत.

सगळ्यात कामाची गोष्ट कागदपत्रांची. 6 महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून एका महिन्यात विद्यार्थ्याच्या रहिवासी कार्डासाठी अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडे जायचं, त्याची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची आणि ती पटकन मिळत नाही. शिवाय आपण राहतो त्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, ‘पाद्रोन’. काही घरमालक ही नोंद करू देत नाहीत, म्हणून खोलीचे पैसे भरायच्या आधीच विचारा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे कोणीच सांगितलं नव्हतं, तिला खोली बदलावी लागली, डिपॉझिटही अडकलं.

आता कमी काय ते. क्लासमधे ऐकवतात ती सगळी माद्रिदकडची स्वच्छ स्पॅनिश, आणि आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या प्रांतात आहे तिथे, लोक शब्दाच्या शेवटचा स खाऊन टाकतात, मला पहिले काही आठवडे दुकानदाराचं बोलणं पकडताच येत नव्हतं. त्यांनी तिकडचे रेकॉर्डिंग ऐकवायलाच हवेत. थंडीबद्दलही फार बोलत नाहीत. ग्रानादा सिएरा नेवादाच्या पायथ्याशी, साधारण 700 मीटर उंचीवर, आणि जुन्या घरांत सगळीकडे हीटिंग नसतं. गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड, खाली हीटर, आणि सगळे त्यात पाय घालून बसतात, अभ्यासही तिथेच. मला ते खूप आवडलं, पण लोकरीचे मोजे इथूनच न्या.

फी आजूबाजूच्या क्लासपेक्षा जास्त आहे, बॅच लहान असते म्हणून पटते. गाडी आणू नका, पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत या. सप्टेंबरला जायचं असेल तर जानेवारीच्या बॅचला नाव घाला, आणि डेमो मागाल तो शनिवारचा मागा.