आयपी फोनचं ट्रॅफिक: पकडायचं कुठे आणि पाठवायचं किती?

मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, शाखा जालना, परभणी, लातूर, नांदेडला आणि सगळे फोन आयपीवर. बियाणे कंपन्या, दवाखाने, पतसंस्था, क्लासेस, कितीतरी ठिकाणी आता अशीच मांडणी असते. तक्रारीही ठरलेल्याच. "आवाज तुटतोय." "आमचं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आम्हाला येत नाही." "अर्धा मिनिट झाला की फोन कटतोय." तक्रार आयटीवाल्यापर्यंत पोचते तोवर कॉल संपलेला असतो आणि पीबीएक्सच्या (कार्यालयातले फोन जोडणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीत फक्त वेळ आणि नंबर उरतो. म्हणून ट्रॅफिक पकडून एका जागी आणायची सोय लागते.

ही सोय निवडताना बहुतेक जण सॉफ्टवेअरच्या नावापासून सुरुवात करतात. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: शाखेतून मुख्यालयाकडे नेमकं काय जाणार? माझं मत स्पष्ट आहे. सिग्नलिंग (कॉल लावण्या-तोडण्याचे संदेश) आणि गुणवत्तेचे आकडे पाठवा, आवाजाची पॅकेट शाखेतच राहू द्या. का, ते हिशेबातच दिसतं.

जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट. त्यावर आरटीपी (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल), यूडीपी, आयपी आणि इथरनेटचं ओझं धरलं की एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस, दोन्ही दिशांना १७४. तीन मिनिटांचा एक कॉल जवळपास ४ एमबी होतो. त्याच कॉलचं एसआयपी या प्रोटोकॉलमधलं सिग्नलिंग, कॉल सुरू करणाऱ्या इनव्हाइट संदेशापासून तो संपवणाऱ्या बायपर्यंत, साधारण १० केबीच्या आसपास. एकाच वेळी ३० कॉल चालू असतील तर आवाज ५ एमबीपीएसच्या वर जातो, आणि त्याची प्रत त्याच लाइनवरून मुख्यालयाला पाठवली तर तेवढाच भार पुन्हा. हा भार येतो तोही नेमका नको त्या वेळी. खरिपाच्या तोंडावर बियाण्यांची हेल्पलाइन वाजत असते, निकाल लागल्यावर लातूरच्या क्लासेसमध्ये प्रवेशाची चौकशी सुरू होते, तेव्हाच लाइन भरलेली असते. दोष शोधायला लावलेली यंत्रणाच मग आवाज तोडते.

पोर्ट मिररिंग

मॅनेज्ड स्विचवर एका पोर्टची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढायची आणि तिथे वायरशार्क किंवा टीसीपीडंप हे पॅकेट पकडणारं सॉफ्टवेअर चालवायचं. पीबीएक्सला हात लावावा लागत नाही. पीबीएक्स बंद डब्यातला असेल, त्याच्या आत काही बसवता येत नसेल, तर हा मोठाच फायदा. स्विच आधीपासून असेल तर खर्चही जवळजवळ नाही. एकाच इमारतीत कारभार असेल तर इथून सुरुवात करा.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या. गिगाबिट पोर्टवर दोन्ही दिशा मिळून २ जीबीपीएसपर्यंत ट्रॅफिक असू शकतं, आणि मिरर पोर्टमधून बाहेर पडू शकतं फक्त १. वरचं ट्रॅफिक स्विच गुपचूप टाकून देतो. मग कॅप्चरमध्ये पॅकेट हरवलेली दिसतात, पण प्रत्यक्ष कॉलमध्ये ती हरवलेलीच नसतात. अख्खा व्हीलॅन (स्विचवरचं आभासी नेटवर्क) मिरर केला तर एकच पॅकेट दोनदा येऊ शकतं आणि आकडे पुन्हा बिघडतात. म्हणून फक्त पीबीएक्सचा पोर्ट मिरर करावा. त्यातही एक खाच आहे: अ‍ॅस्टेरिस्क या मुक्तस्रोत पीबीएक्सच्या पीजेसिप या एसआयपी भागामध्ये डायरेक्ट मीडिया मुळातच चालू असतो. त्यामुळे दोन फोन आवाज थेट एकमेकांना पाठवू शकतात आणि पीबीएक्सच्या पोर्टवर तो येतच नाही. तपासणीपुरता तो पर्याय बंद करावा लागतो.

शाखेचं मिररिंग मुख्यालयापर्यंत नेण्यासाठी ईआरस्पॅन असतं. ते पॅकेटची प्रत जीआरई या टनेल प्रोटोकॉलमध्ये गुंडाळून राउटरपलीकडे पाठवतं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण सगळ्या स्विचमध्ये ते मिळत नाही, आणि वर सांगितलेला दुप्पट भार आहेच. त्याहून मोठी अडचण वेळेची. मुख्यालयात पॅकेट पोचल्यावर त्यावर वेळेचा शिक्का बसत असेल, तर तुम्ही मोजलेल्या जिटरमध्ये (पॅकेट येण्याच्या वेळेतल्या चढउतारात) परभणी ते संभाजीनगर या प्रवासाचा जिटरही मिसळतो. मूळ कॉल स्वच्छ असतो, आलेख मात्र खराब दिसतो. शाखांच्या आवाजासाठी हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

टॅप हे स्वतंत्र उपकरण थेट केबलमध्ये बसतं. प्रत सगळ्यात विश्वासार्ह मिळते, स्विचवर भार पडत नाही. पण किंमत जास्त, आणि बसवताना लाइन तोडावी लागते. मोठं कॉल सेंटर असेल, सेवा पुरवठादाराशी पुराव्यानिशी वाद घालायचा असेल, तर घ्या. बाकीच्यांनी त्यात पैसे अडकवू नयेत.

एजंट आणि हेप

या मार्गात पीबीएक्सवर किंवा त्याच्या शेजारी एक छोटा प्रोग्रॅम बसतो. तो एसआयपी संदेश उचलतो, हेप या प्रोटोकॉलमध्ये गुंडाळतो आणि मुख्यालयातल्या होमर या संदेश साठवून दाखवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतो, बहुधा ९०६० पोर्टवर. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये यासाठीचं मॉड्यूल आवृत्ती १२पासून आहे. फ्रीस्विच, कमाइलिओ आणि ओपनसिप्स या फोन-सर्व्हरांमध्येही सोय आहे. पीबीएक्समध्ये काही बसवता येत नसेल तर हेप्लिफाय किंवा कॅपटएजंट हे वेगळ्या लिनक्स मशीनवर चालतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा की पकडतानाचीच वेळ पॅकेटसोबत जाते. पाठवताना उशीर झाला तरी मोजमाप बिघडत नाही. फक्त सगळ्या शाखांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळलेली हवीत, नाहीतर कॉलच्या दोन टोकांचा क्रमच लागत नाही. दुसरा गुण एनक्रिप्शनचा. सिग्नलिंग टीएलएसवर, म्हणजे एनक्रिप्ट केलेलं, असेल तर मिरर पोर्टवर वाचण्यासारखं काही उरत नाही, पण पीबीएक्सच्या आतलं हेप मॉड्यूल संदेश उलगडल्यानंतर घेतं. आरटीसीपीचे, म्हणजे आरटीपीसोबत जाणारे गुणवत्तेचे, अहवालही याच वाटेने पाठवता येतात. पॅकेट किती हरवली, जिटर किती, हे आवाज न पाठवताही कळतं.

आवाजाशिवाय दोष सापडेल का, ही शंका साहजिक आहे. एकतर्फी आवाजाची तक्रार घ्या. एसएनग्रेप या एसआयपी संदेश दाखवणाऱ्या साधनात तो कॉल उघडायचा, इनव्हाइटमधला एसडीपी (आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते सांगणारा भाग) बघायचा. त्यात "सी" ने सुरू होणाऱ्या ओळीत १९२.१६८.१.२० असा खासगी पत्ता बाहेरच्या पुरवठादाराकडे गेलेला दिसला, तर कारण जवळपास हाती लागलं. समोरचा आवाज पाठवतोय, पण त्या पत्त्यावर बाहेरून कुणालाच पोचता येत नाही. नॅटची (खासगी पत्ता सार्वजनिक पत्त्यात बदलण्याची) सेटिंग दुरुस्त करायची. अर्ध्या मिनिटाला कटणारा कॉलही असाच सापडतो: कॉल उचलल्याचं २०० ओके गेलं, उत्तरादाखल पोचपावतीचं एसीके आलंच नाही, संदेश पुन्हा पुन्हा गेला आणि ३२ सेकंदांनी कॉल तोडला गेला. दोन्ही निदानांत आवाजाचं एकही पॅकेट लागलं नाही.

तुटक्या आवाजाच्या तक्रारीत मात्र आरटीसीपीचे आकडे कधीकधी अपुरे पडतात. त्यासाठी शाखेतल्याच मशीनवर टीसीपीडंपचा फिरता साठा ठेवा: ठरावीक आकाराच्या ठरावीक फाइल, जुनी पुसून नवी. तक्रार आली की त्या वेळेचा तुकडा तेवढा मागवायचा. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि शाखा ४जीवर आली, तर यूडीपीवरचे हेप संदेश हरवू शकतात. तेव्हाही हा साठा जागेवर असतो. ते मशीन स्विचच्याच यूपीएसवर लावा, कारण वीज गेल्यावर आणि आल्यावर काय घडलं हेच तर बघायचं असतं.

होमर की व्हीओआयपीमॉनिटर?

होमरचा जीव सिग्नलिंगमध्ये आहे. अनेक सर्व्हरवरून गेलेला एकच कॉल जोडून दाखवण्यात तो उत्तम. व्हीओआयपीमॉनिटर प्रत्यक्ष आरटीपी वाचतो आणि प्रत्येक कॉलला एमओएस, म्हणजे आवाजाच्या दर्जाचे, गुण देतो. त्याचा सेन्सर शाखेतच विश्लेषण करून फक्त निष्कर्ष मध्यवर्ती डेटाबेसला पाठवू शकतो, आणि ही मांडणी माझ्या मताशी जुळते. सगळी पॅकेट पाठवण्याचाही पर्याय त्यात आहे, तो शाखांसाठी बंदच ठेवा. सेन्सर मुक्तस्रोत आहे, वेबवरचा दर्शनी भाग मात्र विकत घ्यावा लागतो. आयटीत एकच माणूस असेल आणि व्यवस्थापनाला महिन्याचा गुणवत्ता अहवाल हवा असेल, तर तो पैसा सार्थकी लागतो. लिनक्स जाणणारा माणूस असेल आणि तक्रारी मुख्यतः कॉल न लागण्याच्या असतील, तर होमर पुरेसा आहे. एमओएस हा अंदाज असतो हेही लक्षात ठेवा. खराब हेडसेट किंवा प्रतिध्वनी त्यात उमटत नाही.

गोपनीयता

आवाज गोळा न करण्याचं हे दुसरं कारण, आणि मला ते पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. पतसंस्थेचा सभासद फोनवर आकडे दाबतो, तेव्हा ते आकडे बहुधा आरटीपीमध्येच वेगळ्या पॅकेटांतून जातात. कॅप्चर फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते आकडे. दवाखान्याच्या कॉलमध्ये तर रुग्णाचा आजारच असतो. नुसत्या सिग्नलिंगमध्येही कुणी कुणाला कधी फोन केला हे असतं, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेत ही वैयक्तिक माहितीच आहे. हेप स्वतः एनक्रिप्ट करत नाही. ते व्हीपीएनमधून किंवा टीएलएसवरून न्या, होमरचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. सिग्नलिंग महिनाभर आणि आवाजाचा फिरता साठा दोन-तीन दिवस, एवढी मुदत बहुतेकांना पुरते.

शाखांचं कामकाज असेल तर माझी शिफारस अशी: प्रत्येक शाखेत पीबीएक्सचा पोर्ट मिरर करा, शेजारी छोटं लिनक्स मशीन ठेवा, त्यावर हेप्लिफाय आणि फिरता साठा चालवा, मुख्यालयात होमर ठेवा. शाखेत सिग्नलिंग टीएलएसवर असेल तर हेप थेट पीबीएक्समधून घ्या. पीबीएक्स क्लाउडवर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये असेल तर तिथेही आतला एजंटच सोपा. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमध्ये व्हीएक्सलॅन या टनेलमधून ट्रॅफिकची प्रत मिळते, पण तेवढा खटाटोप क्वचितच लागतो.

पीबीएक्स पुरवठादाराचा आणि आवाजही एसआरटीपीने एनक्रिप्ट केलेला असेल, तर तुमच्या हातात उरतो फक्त फोन. काही फोन कॉल संपताना गुणवत्तेचा अहवाल स्वतः पाठवतात. त्याची पद्धत २०१०च्या आरएफसी ६०३५ या इंटरनेट मानकामध्ये ठरवलेली आहे. फोनचं कोटेशन मागवतानाच ही सोय आहे का ते लेखी विचारून घ्या. पुढे एखाद्या फर्मवेअरमध्ये ती येईल या भरवशावर शंभर फोन घेऊ नका.