चारशे नग आणि एक नोटीस

साडेसात मिलिमीटरच्या मातीच्या करंजीला मुरड घालता येते. शिवणाच्या सुईने, भिंगाखाली, श्वास रोखून. मला येते. या मुरडीच्या गर्वापायीच माझे वीस हजार रुपये गेले, आणि ते कसे गेले हे कळलं तेही मुरडीमुळेच.

मी चिंचवडला राहते. मुलं मोठी झाली तसा हात रिकामा राहू लागला, म्हणून पुतणीच्या रुखवतासाठी मातीचा छोटा फराळ केला. तुळशीबागेतून आणलेल्या पितळी भातुकलीत मांडला: बोटाच्या पेराएवढी पुरणपोळी, तुपाची धार सोडलेला भात, तिळाएवढी मिरची. मांडवात लोक नवरानवरी सोडून रुखवताभोवती उभे. मग ऑर्डरी येऊ लागल्या, महिन्याकाठी एखाद-दुसरी. एवढ्यावर मी खूश होते हे आधीच सांगते, कारण नंतर पुष्कळांनी 'हाव नडली' असं ऐकवलं. हाव नव्हती. आपल्या कामाची कोणीतरी पारख केली, याचं अप्रूप होतं.

एप्रिलमध्ये फोनवर जाहिरात आली. 'घरबसल्या मिनिएचर फूड बनवा. माती आमची, माल आमचा, विक्रीही आमची. युरोपातल्या डॉलहाउससाठी निर्यात.' मी माझ्या रुखवताचे फोटो पाठवले. दहा मिनिटांत एका गृहस्थांचा फोन. 'मॅडम, असा हात आम्ही दोन वर्षांत पाहिला नाही.' पुढे मला पटवायला त्यांना काही करावं लागलंच नाही.

नोंदणी आणि पहिलं किट मिळून ४,९९९ रुपये. किटमध्ये माती, सहा साचे, रंगाच्या डब्या, चार-पाच दाभण. नंतर पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन हेच सामान मांडून पाहिलं, तर पंधराशेच्या आत आलं. पण तेव्हा कोण मांडतंय? साठ नग केले, कुरिअरने पाठवले, नगाला तीस रुपयांप्रमाणे अठराशे रुपये आठ दिवसांत खात्यात जमा. आमच्या ह्यांनी पेढे आणले. ते अठराशे रुपये माझ्याच ४,९९९ मधून आले होते, हे समजायला मला गणपती उजाडले.

मग 'एक्स्पोर्ट लेव्हल'. ११,५०० रुपयांचं दुसरं किट, स्टॅम्प पेपरवर करार, पंचेचाळीस दिवसांत चारशे नग: शंभर चकल्या, शंभर करंज्या, शंभर लाडू, शंभर शंकरपाळे. नगाला पंचेचाळीस रुपये, म्हणजे अठरा हजार. अट एकच, पंच्याऐंशी टक्के माल पास झाला पाहिजे, नाहीतर पैसे नाहीत. मी म्हटलं, माझा माल नापास कोण करणार!

इथे थोडं कामाबद्दल सांगते, कारण सगळी फसवणूक या कामाच्या खाचाखोचांत दडलेली आहे.

डॉलहाउसचं, म्हणजे बाहुलीघराचं, जगभर चालणारं प्रमाण एकास बारा. खऱ्यातला एक फूट म्हणजे तिथला एक इंच. मग आपल्या वीस सेंटिमीटरच्या पोळीची होते सतरा मिलिमीटरची, नऊ सेंटिमीटरची करंजी साडेसातची, सहा सेंटिमीटरची चकली पाच मिलिमीटरची. त्या गृहस्थांनी नमुना म्हणून जो व्हिडिओ पाठवला, त्यात तीन इंची ताट होतं आणि त्यात दीड सेंटिमीटरचे मोदक. वर लिहिलेलं 'स्केल एकास बारा'. गुणाकार करून बघा. तीन इंचाचं ताट म्हणजे खऱ्यात तीन फुटांचं, त्यात आख्खी पंगत बसेल. मोदक अठरा सेंटिमीटरचा, नारळाएवढा. मला तेव्हाच खटकलं होतं. पण मनाशी म्हटलं, ते निर्यातवाले, त्यांना जास्त कळत असेल. ज्या माणसाला स्केल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याच माणसाने पुढे माझा माल 'स्केल मिसमॅच' म्हणून परत केला.

दुसरी खूण मातीची. पाकिटावर 'इम्पोर्टेड पॉलिमर क्ले' असं लिहिलेलं. पॉलिमर क्ले उघडी ठेवली तरी वाळत नाही. भट्टीत ११० ते १३० अंशांवर भाजेपर्यंत मऊच राहते, म्हणून तर कारागीर तिच्यावर दोन-दोन दिवस नक्षी करत बसतात. ही माती दुसऱ्या दिवशी कडेने कडक झाली. वास घेतला, तर फेव्हिकॉल आणि व्हिनेगर. म्हणजे आपण घरी कॉर्नफ्लोर आणि फेव्हिकॉल शिजवून करतो तीच माती, चकचकीत पाकिटात. वाईट नसते ती, मी स्वतः तिच्यातच काम करते. पण साध्या कॉर्नफ्लोरला कोणी इम्पोर्टेड म्हणावं, हे जास्तच झालं.

आणि ती माती पावसाळ्यात! जुलैमध्ये चिंचवडला बाहेरचे कपडे वाळत नाहीत, तिथे माती काय वाळणार. पंख्याखाली ठेवली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि तडा जातो. झाकून ठेवली तर चौथ्या दिवशी बुरशी. मी तांदळाच्या डब्यात, कागदात गुंडाळून, आठ-आठ दिवस हळूहळू वाळवली. चकलीला काटे यावेत म्हणून जुन्या टूथब्रशने टोचलं. तळल्याचा रंग यावा म्हणून खडूच्या पेस्टलची भुकटी मऊ ब्रशने नुसती कडांवर मारली, कारण सगळीकडे मारली तर पदार्थ करपल्यासारखा दिसतो. चारशे नग. पाठीचा काटा ढिला झाला.

ऑगस्टच्या मध्याला डबा पाठवला. सहा दिवसांनी संदेश: 'एकूण नग ४००. पास ३१. स्केल मिसमॅच, फिनिशिंग पुअर.' मी रडले, हे लिहायला लाज नाही. पुढे दिलासा आला, की २,५०० रुपये भरून 'री-ट्रेनिंग' घेतलं तर माल पुन्हा तपासू. भरले. री-ट्रेनिंग म्हणजे अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ, त्यातही तोच नारळाएवढा मोदक. पुन्हा तपासणी, पुन्हा नापास.

गौरी यायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर नोटीस आली. वर तराजूचं चित्र, वकिलाचं नाव, लाल शिक्का. करारभंगाबद्दल १४,००० रुपये दंड, अठ्ठेचाळीस तासांत भरा, नाहीतर घरी पोलीस. घरात पाहुणे, ओवसा, पुरणाचा घाट, आणि माझ्या पोटात गोळा. ह्यांनाही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून ३,००० रुपये पाठवले, 'बाकीचे गणपतीनंतर देते' म्हणून विनवलं. त्या वेळेला कोणी विचारलं असतं तर मी मंगळसूत्रही काढून दिलं असतं.

भाचा जेवायला होता. वकिली करतो, अजून ज्युनिअर आहे. माझा चेहरा बघून त्याने फोन हातातून घेतला आणि वाचता वाचता हसायला लागला. मला त्याचा रागच आला. मग त्याने एकेक दाखवलं. नोटिशीवर वकिलाचा सनद क्रमांक नाही, सही नाही, पत्ता नाही. माल नापास होणं हा दिवाणी वाद, त्यात पोलीस कोणाच्या घरी येत नाहीत. आणि करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही, भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट फार तर वाजवी भरपाई देतं.

मग त्याने करार मागितला. त्यावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. या पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला, फुकट दिसतं ते कोणालाही, तर निघालं हार्डवेअरचं दुकान. निर्यातदाराला आयात-निर्यात कोड लागतो, तो करारात कुठेच नव्हता. चार वेळा पैसे पाठवले ते चार वेगवेगळ्या माणसांच्या खाजगी खात्यांत, कंपनीच्या खात्यात एकदाही नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर पाच महिने होतं.

त्यांच्या माहितीपत्रकावर एका भव्य डॉलहाउसचा फोटो होता, खाली ओळ: 'आमचे ग्राहक, इंग्लंड'. भाच्याने फोटो शोधून पाहिला. ते निघालं विंडसरच्या राजवाड्यातलं राणी मेरीचं बाहुलीघर. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्यन्स साहेबाने १९२१ ते १९२४ या काळात केलेलं, एकास बारा प्रमाणात. त्याच्या नळांना पाणी येतं, लिफ्ट चालते, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन भरलेली आहे. आज शंभर वर्षांनी त्या घराला माझ्या चकल्यांची काय गरज पडली असेल, देव जाणे.

त्याच रात्री १९३० वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. त्यांनी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ विचारली, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करायला लावली. शेवटचे ३,००० जाऊन तीन तासच झाले होते, ते समोरच्या बँकेत अडकले. मला अजून परत मिळालेले नाहीत, पण त्यांच्याही हाती लागलेले नाहीत. आधीच्या १८,९९९ चा माग लागला नाही, ती खाती केव्हाच रिकामी झाली होती. म्हणून शंका आली की त्याच घटकेला फोन करा, नवऱ्याला सांगू की नको याचा विचार त्याच्यानंतर.

आता मुरडीचं.

विसर्जनानंतर माझा नापास डबा कुरिअरने परत आला. उघडायची इच्छा नव्हती, तसाच माळ्यावर टाकणार होते. पण करंज्या तरी बघाव्या म्हणून झाकण काढलं. करंज्या सुंदर होत्या. फक्त माझ्या नव्हत्या. माझ्या मुरडीच्या, या कातण फिरवलेल्या, कडेला एकसारखे बारीक दाते. लाडवांवर बेदाणा होता, मी बेदाणा लावलाच नव्हता.

बराच वेळ मी तो डबा मांडीवर घेऊन बसले. मग उलगडलं. कोणी काही तपासलंच नव्हतं. डबे येत होते, न उघडता ठेवले जात होते, आणि परत पाठवताना कोणाचा कोणाला याचंही भान नव्हतं. तो धंदा मिनिएचर विकत घेण्याचा नव्हताच, माती विकण्याचा होता. चारशे नगांची अट, पंचेचाळीस दिवस, पंच्याऐंशी टक्के हे सगळं आपण नापास व्हावं यासाठीच बेतलेलं, आणि आपला हात कमी पडला असं वाटून आपण गप्प बसावं यासाठी. मी इतके दिवस माझ्याच बोटांना दोष देत होते.

डब्याच्या जुन्या चिकटपट्टीखाली मूळ पाठवणारीचं लेबल होतं. साताऱ्याकडच्या एक ताई. फोन केला. आधी त्यांना वाटलं, मी कंपनीकडून पैसे मागायला बोलतेय. 'ताई, तुमच्या करंज्या माझ्याकडे आल्यात' म्हटल्यावर पलीकडे शांतता, मग हुंदका. त्यांनाही पास ३१. त्यांनाही 'स्केल मिसमॅच, फिनिशिंग पुअर', शब्दाला शब्द. नोटीस आली त्यांनाही, आणि त्यांनी चौदाच्या चौदा हजार भरले होते, बचत गटाचं कर्ज काढून. कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटात आम्ही दोघीही होतो, पण तिथे फक्त अॅडमिनलाच लिहिता येत होतं. असा मुका गट दिसला तर एक करा, सदस्यांच्या यादीतल्या एखाद्या बाईला सरळ फोन लावून विचारा, तुमचा माल पास झाला का? मी एप्रिलमध्ये हे केलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

आता आम्ही दोघींनी मिळून तक्रारीला जोड दिली आहे. एकच मजकूर दोघींना आला, हा चांगला पुरावा आहे असं पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणाले. तेही आधी 'मातीच्या करंज्या?' म्हणून हसले होते. मी पर्समधून एक काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ बोटावर धरून पाहिली आणि मग कागद पुढे ओढला.

ताईंच्या करंज्या मी त्यांना परत पाठवल्या. त्यांच्याकडे आलेल्या डब्यात मात्र माझे नग नव्हते, तिसऱ्याच कोणाचे तरी होते, गुलाबी झाक असलेल्या चिरोट्यांचे. म्हणजे माझे चारशे नग कुठेतरी, कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. कातणाच्या करंज्या पाठवून तुम्हाला मुरडीच्या परत आल्या असतील, चकल्यांना जरा जास्तच काटे असतील आणि लाडवांवर बेदाणा नसेल, तर त्या माझ्या. तुमच्याकडचा नापासाचा संदेश पुसू नका, तो घेऊन पोलिसांकडे जा.