'परत घेणे' की 'पुन्हा काबीज करणे'?

दादरहून भाचीचा फोन आला. निबंधात कोंढाणा 'परत घेतला' लिहू की 'पुन्हा काबीज केला'?

१६६५च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला आणि १६७०मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी लढून आणला. 'परत घेतला' म्हटलं की तो आधी आपला होता हे कळतं, पण लढाई दिसत नाही. साडी दुकानदारही परत घेतो (घेतली तर!). 'काबीज'मध्ये जोर आहे, पूर्वीचा ताबा नाही. म्हणून 'पुन्हा' जोडायचं. १७३९च्या वसईला नुसतं 'काबीज' पुरे, ती आधी मराठ्यांकडे नव्हतीच.

बोलायला 'परत घेणे' सुटसुटीत. तहाने किंवा बोलणी करून मिळालेल्या जागेला तेच शोभतं. रक्त सांडून मिळालेल्या गडाला मात्र 'पुन्हा काबीज'च लिही, म्हटलं.