मेलाटोनिनचं हेअर सीरम: गळतीसाठी विचार करा, रंगासाठी घेऊ नका

चोपड्यात माझं ब्यूटी पार्लर आहे. या उन्हाळ्यात जळगावच्या होलसेलवाल्याकडून मेलाटोनिन (झोपेशी संबंधित एक संप्रेरक) असलेलं एक हेअर सीरम आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घटकाची बरीच उत्पादनं सध्या विकली जातात आणि सगळ्यांचे दावे जवळपास सारखेच आहेत.

आधी वापराचं सांगते. तपकिरी काचेची बाटली, ड्रॉपरने नेमके थेंब पडतात, वास सौम्य. रात्री भांग पाडून टाळूवर लावायचं. चिकटपणा नाही, सकाळी केस चपटे बसत नाहीत. अडचण एकच: आपल्याकडे बऱ्याच बायका रात्री डोक्याला तेल लावतात, आणि तेलावर हे लावलं तर टाळूपर्यंत नीट पोहोचत नाही. मी स्वतः तेल बंद ठेवून लावलं. कंगव्यात येणारे केस थोडे कमी झाले असं मला वाटतं. पण उन्हाळ्यात मी बोअरच्या पाण्याने केस धुणंही सोडलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय बाटलीला देणार नाही.

गळतीच्या दाव्याला थोडा आधार आहे. २००४ साली जर्मनीत केस विरळ होणाऱ्या ४० बायकांवर प्रयोग झाला. सहा महिने रोज ०.१ टक्का मेलाटोनिनचं द्रावण टाळूला लावल्यावर वाढीच्या अवस्थेतल्या केसांचं प्रमाण काही भागांत वाढलेलं दिसलं. प्रयोग लहान होता, पण होता. तिथे मोजली ती केसांची वाढ. पांढरे केस काळे होतात का, हा प्रश्नच त्यात नव्हता.

माझी खरी तक्रार इथे आहे. खोक्यावर ‘नैसर्गिक रंग राखण्यास मदत’ असं छापलंय आणि माल देणारा मुलगा म्हणाला, ‘ताई, पांढरे केस काळे होतात, चेहऱ्याला लावलं तर रंगही उजळतो.’ एकच औषध केसांत रंग भरणार आणि चेहऱ्यावरचा रंग काढणार, हे कसं, असं मी त्याला विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मेलाटोनिन म्हणजे मेलानिन नव्हे. मेलानिन हा त्वचेचा आणि केसांचा रंग. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून सुटणारं, झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक. नावं जुळतात त्यामागे बेडूक आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पिनियल ग्रंथींतून हा पदार्थ वेगळा केला, त्वचेच्या आजारांवर उपयोग होईल या आशेने. त्याने बेडकाची कातडी फिकी पडते, कारण बेडकाच्या रंगपेशीतले कण पसरलेले असतात ते मध्यभागी गोळा होतात. माणसाच्या त्वचेत हे चालत नाही. आपल्या रंगपेशी मेलानिन शेजारच्या पेशींना देऊन टाकतात. दिलेला रंग मागे ओढून घ्यायची सोय नाही. १९७७ साली लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने काळवंडलेल्या त्वचेच्या मोजक्या रुग्णांना महिनाभर रोज तब्बल १ ग्रॅम मेलाटोनिन तोंडाने दिलं. झोपेच्या गोळीत साधारण ३ ते १० मिलिग्रॅम असतं, त्यावरून अंदाज करा. तरीही फरक दिसला तो फक्त एकात, ज्याच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या आजारावर उपचारच झाले नव्हते.

केस पांढरे होतात ते मुळाशी रंगपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी संपत गेल्याने. बाहेर आलेला केस तर निर्जीव असतो, त्याला रंग द्यायला मेंदी किंवा डायच लागतो. (डाय आधी कानामागे लावून बघा. काळ्या मेंदीतल्या पीपीडी या रसायनाने डोकं सुजलेल्या बायका मी पाहिल्यात.)

हे इतकं लिहायचं कारण एक आई. कोड असलेल्या मुलीला घेऊन ती खेड्यावरून आली, कुणीतरी तिला हीच बाटली सुचवली होती. ‘हाई लायं ते मनी पोरना डाग जातीन का, ताई?’ मुलगी खाली बघत बसलेली. मी बाटली विकली नाही. मावशी, हे डागांचं औषध नाही, असं स्पष्ट सांगितलं. कोडावर मलम आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाणारी अतिनील किरणांची उपचारपद्धती आहे, आणि लवकर सुरू केलं तर रंग परत यायची शक्यता वाढते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं. शेतमजुरीच्या पैशातून महिन्याला सातशे रुपयांची बाटली अशा घराने का घ्यावी?

पाचपैकी अडीच तारे. ते ड्रॉपरला, न चिकटणाऱ्या पोताला आणि गळतीच्या शक्यतेला. घ्यायचंच असेल तर टाळूला खाज नाही ना बघा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या, गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. माझ्या पार्लरमध्ये ‘रंग’ हा शब्द खोक्यावर असेपर्यंत हे सीरम विकायला ठेवणार नाही, आणि होलसेलवाल्यालाही तसं कळवलंय.